पुस्तक माझं, मग ते अमेरिकेत विकायला आडकाठी का?

ताई, नमस्कार.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बी.कॉम. झाल्यापासून पप्पांच्या जोडीला मी बसते. इंजिनिअरिंगची पुस्तकं हा आमचा मुख्य धंदा. माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, टेक्सासमध्ये एमएस करतोय. मागच्या वर्षी त्याने त्याच्या विषयाची ३ पुस्तकं पाठवायला सांगितली. इथे ती ८०० ते १००० रुपयांना मिळतात, तिकडे एकेक दीडशे-दोनशे डॉलरला. मी पाठवली. आता तो म्हणतो, तिथल्या मुलांनाही हवीत. दर सेमिस्टरला ४०-५० प्रती पाठव, मी ऑनलाइन विकतो, नफा निम्मा-निम्मा. पहिल्या खेपेसाठी मी १२ प्रती मागवूनही ठेवल्यात. पण प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर इंग्रजीत छापलंय की ही आवृत्ती फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका अशा देशांत विक्रीसाठी आहे. दादा म्हणतो, त्यावर स्टिकर लाव, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच हे कायदेशीर ठरवलंय. पप्पा म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नको. पण त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी आत्या पैशांसकट पाठीशी उभी राहिली होती, त्यामुळे तेही दादाला सरळ नाही म्हणत नाहीत. मी चोरी करतेय का? पैसे मोजून घेतलेलं पुस्तक मी कुणालाही का विकू नये? आणि अजून एक. धाकटा भाऊ आपण दुसऱ्या देशात आहोत असं दाखवून कॉम्प्युटर गेम स्वस्तात घेतो. मी रागावले तर म्हणाला, तू तरी काय वेगळं करतेस?

– एक वाचक, राजारामपुरी

प्रिय मैत्रिणी,

आधी हे ऐक, तू चोरी केलेली नाहीस. दादाला पाठवलेल्या ३ पुस्तकांबद्दल मनात काही ठेवू नकोस. ती अस्सल होती, रीतसर बिलावर आलेली होती. लेखकाला, प्रकाशकाला, डिस्ट्रिब्युटरला त्या प्रतींमागे जे मिळायचं ते मिळालं. दादाने ती वाचली आणि परीक्षा दिली. पोरगं शिकायला परदेशी निघालं की बॅगेत चटणी-मेतकुटाच्या शेजारी इथली स्वस्त पुस्तकं भरून द्यायची, हे आपल्याकडे कितीतरी घरांत चालत आलंय आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

४०-५० प्रतींची खेप मात्र पाठवू नकोस. पप्पांचं बरोबर आहे, पण ‘भानगड’ एवढ्या एका शब्दाने तुझं समाधान होणार नाही, होऊही नये. विकत घेतलेली वस्तू मी कुणाला विकावी हे छापणाऱ्याने का ठरवावं, हा तुझा प्रश्न रास्त आहे. मोठमोठी न्यायालयं त्यावर एकमेकांच्या विरुद्ध बोललेली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादा ज्या निकालाचा हवाला देतोय तो खरा आहे. सुपाप किर्तसाएंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी १९९७ मध्ये गणित शिकायला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि पुढे पीएचडीसाठी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात. जॉन वायली या प्रकाशनाची जी पुस्तकं अमेरिकेत महाग होती, त्यांच्याच आशियासाठी छापलेल्या आवृत्त्या थायलंडच्या दुकानांत स्वस्त मिळत. त्याने घरच्यांना आणि मित्रांना त्या विकत घेऊन पाठवायला सांगितलं. मग ईबेवर विकल्या, घरच्यांचे पैसे परत केले आणि उरलेला नफा स्वतः ठेवला. म्हणजे अगदी तुझ्या दादाचीच योजना. वायलीने २००८ मध्ये दावा लावला. खालच्या कोर्टात ज्युरीने ८ पुस्तकांपायी प्रत्येकी ७५ हजार, एकूण ६ लाख डॉलर भरपाई ठोठावली. अपिलातही तो हरला. शेवटी १९ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल फिरवला. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्याचा गाभा असा: प्रत जगात कुठेही छापलेली असो, ती कायदेशीर असेल आणि एकदा विकली गेली असेल, तर पुढे ती कुणाकडे जावी यावर हक्कदाराचा ताबा राहत नाही. तसा ताबा मान्य केला तर परदेशी छापलेली पुस्तकं ठेवणारी ग्रंथालयं, जुन्या पुस्तकांचे विक्रेते, परदेशी चित्रं मांडणारी संग्रहालयं सगळीच अडचणीत येतील. आणि जगाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात वेगळा भाव लावण्याचा खास हक्क कॉपीराइटच्या कायद्याने प्रकाशकांना दिलेला नाही.

मला हा निकाल मनापासून पटतो. पुस्तक विकत घेतलं की त्या प्रतीचे मालक आपण, हे तत्त्व सुटलं तर जुन्या पुस्तकांचं एकही दुकान उरणार नाही. थोरल्याची पुस्तकं धाकट्याने वापरायची आणि मग वर्गणी काढणाऱ्या एखाद्या मंडळाच्या वाचनालयाला द्यायची, ही आपली साधी रीतही संशयाची होऊन बसेल.

पण तो निकाल अमेरिकेच्या कायद्याखालचा आहे, अमेरिकेत येणाऱ्या पुस्तकांबद्दल आहे. दादा तिकडे उभा आहे. तू इकडे, दुकानाच्या गल्ल्यावर. आणि इकडची गोष्ट वेगळी आहे.

त्याच जॉन वायलीने भारतातल्या विक्रेत्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता. आपल्या उपखंडासाठी छापलेल्या स्वस्त आवृत्त्या हे विक्रेते वेबसाइटवरून परदेशातल्या ग्राहकांना विकत होते. पुस्तकं अस्सल, पैसे देऊन घेतलेली. तरीही २०१० मध्ये न्यायालयाने त्यांना मनाई केली. भारतातल्या प्रकाशनाला ठराविक देशांपुरताच परवाना आहे, त्याच्याकडून माल घेणाऱ्याला त्याहून मोठा हक्क मिळू शकत नाही, आणि त्या देशांबाहेर प्रती विकल्या तर मूळ हक्कदाराच्या अधिकारावर अतिक्रमण होतं, असा तो तर्क. कायद्याच्या अभ्यासकांनी त्यावर टीका केली आहे आणि मलाही तो जड जातो. कव्हरवर छापलेली एक ओळ विकलेल्या वस्तूच्या मागे इतक्या लांबवर जावी, हे पटत नाही. पण निकाल आहे. म्हणजे खोकं तेच, पुस्तकं तीच, आणि खोकं उघडणारा दादा तिथे मोकळा, खोकं बांधणारी तू इथे कचाट्यात. हे त्याने तुला सांगितलेलं दिसत नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

दिल्लीचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच बसतंय. उद्या हा मुद्दा तिथे गेला तर वेगळं काही ऐकायला मिळूही शकेल. पण तो मुद्दा घेऊन जाणारी पहिली माणूस तू व्हावंस, असं मी सांगणार नाही. किर्तसाएंग जिंकला, पण त्यासाठी ५ वर्षं कोर्टात गेली. वकिलांची फी कुणी भरायची, हा वाद २०१६ मध्ये पुन्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तुमच्या दुकानाला हे झेपणारं नाही.

आपल्या संसदेपुढेही या प्रश्नाची दुसरी बाजू येऊन गेली आहे, म्हणजे परदेशातली अस्सल पुस्तकं इथे आणून विकण्याची. कॉपीराइट कायद्याच्या २०१० च्या दुरुस्ती विधेयकात तशी मोकळीक देणारं कलम होतं. विद्यार्थी आणि ग्रंथालयांच्या बाजूने बोलणाऱ्यांना ते हवं होतं. प्रकाशक आणि अनेक लेखकांनी विरोध केला. परदेशात न खपलेला माल इथे ओतला जाईल, अशी त्यांची भीती होती. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ते कलम त्यात नव्हतं. मला याचं वाईट वाटतं. कलम ठेवलं असतं किंवा साफ नाकारलं असतं, तरी तुझ्यासारख्या दुकानदाराला आपण कुठे उभे आहोत हे कळलं असतं. आता सगळं निकालांच्या आधाराने चाचपडत चाललंय.

एवढं कायद्याचं. पण तू मला ‘सापडेन का’ असं विचारलेलं नाहीस, ‘चोरी आहे का’ असं विचारलंयस. म्हणून पुढचं लिहिणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एकच पुस्तक इथे ९०० रुपयांना आणि तिथे २०० डॉलरला का? जाड पाठ्यपुस्तकाचा मोठा खर्च ते लिहून घेणं, तपासणं, आकृत्या काढणं यात जातो. तो एकदाच होतो. पुढची प्रत छापायला त्या मानाने फार पैसे पडत नाहीत. त्यामुळे मूळ खर्च श्रीमंत बाजारातून वसूल करायचा आणि इथे छपाईच्या थोडं वर राहील अशा भावाने विकायचं, हे प्रकाशकाला परवडतं. तो आपल्यावर उपकार करत नाही. २०० डॉलरला इथे कुणी पुस्तक घेतलंच नसतं. विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गठ्ठे लागले असते. एके काळी इंग्लंडमधली पुस्तकं ब्रिटिश सरकारच्या अनुदानातून ईएलबीएसच्या स्वस्त आवृत्तीत इथे येत, सोव्हिएत रशियातली मीर प्रकाशनाची गणित-भौतिकशास्त्राची पुस्तकं त्याहून स्वस्त मिळत. तुझ्या पप्पांच्या पिढीतले कितीतरी इंजिनिअर आणि डॉक्टर त्यांवर शिकले. त्यामागे त्या सरकारांचे आपापले हेतू होते. पण पुस्तकं आपल्या पोरांच्या हातात पडली, आणि मला तेच मोठं वाटतं.

वेगळ्या माणसाला वेगळा भाव लावणं मुळातच अन्याय आहे का? एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडी तीच, सीट तसंच, डिझेल तेवढंच. शेजारच्या बाप्याने पूर्ण तिकीट काढलं म्हणून त्याला कुणी लुटलं असं आपण म्हणत नाही. आणि बायकोच्या अर्ध्या तिकिटावर तो जाऊन बसला तर कंडक्टर बरोबर हटकतो. प्रकाशकांचं म्हणणं साधारण या धाटणीचं आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण ते पुरतं लागू पडत नाही. एसटीच्या सवलतीचा फरक सरकार भरून देतं, आणि तिकीट ही काही आपल्या मालकीची वस्तू नव्हे. पुस्तक आहे. शिवाय प्रकाशकाने रेघ मारलीय ती देशाच्या सीमेवर, खिशाच्या नाही. ताराबाई पार्कातल्या बंगल्यातल्या मुलालाही पुस्तक ९०० ला मिळतं, आणि टेक्सासमध्ये रात्री पेट्रोल पंपावर काम करून सकाळी कॉलेजला जाणाऱ्या मुलीला २०० डॉलर मोजावे लागतात. त्या मुलीने तुझ्या दादाकडून ४० डॉलरला प्रत घेतली तर मी तिला एका शब्दानेही बोलणार नाही. तिची कणव मला खरंच येते.

म्हणूनच प्रकाशकाचा नफा बुडतो, हे कारण मी तुला देत नाहीये. मला काळजी तुझ्या दुकानात येणाऱ्या पोरांची आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये तुझ्यासमोर कोण उभं असतं ते आठव. गगनबावडा, चंदगड, शाहूवाडीहून आलेला मुलगा, पहिल्यांदा गाव सोडून खोली करून राहिलेला. यादी पुढे करतो, किंमत ऐकतो, ५ मधली २ घेतो आणि विचारतो, जुनी मिळेल का. अशाच पोरांसाठी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहं उभी केली. त्या मुलाला ९०० सुद्धा जड आहेत. ते ९०० इथे टिकून आहेत ते स्वस्त आवृत्ती बाहेर वाहून जात नाही या भरवशावर. ती मोठ्या प्रमाणावर बाहेर जाऊ लागली की प्रकाशकाला २०० डॉलरचा बाजार सांभाळायचा असतो, ९०० रुपयांचा नाही. मग तो इथला भाव चढवेल, किंवा इथली आवृत्ती मुद्दाम वेगळी करेल, नाहीतर छापील पुस्तकच बाजूला सारेल.

हे माझ्या मनचं नाही. इथल्या कितीतरी आवृत्त्यांत आजच प्रकरणांचा क्रम वेगळा असतो, उदाहरणं बदललेली असतात, रंगीत आकृत्या काळ्या-पांढऱ्या छापलेल्या असतात. अमेरिकेत पीअर्सन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनाने २०१९ मध्येच जाहीर केलं की पाठ्यपुस्तकं यापुढे आधी डिजिटल. त्याला जुन्या आणि भाड्याच्या पुस्तकांचा बाजार हे मोठं कारण होतं. पण परिणाम असा की विद्यार्थ्याच्या हातात आता बऱ्याचदा पुस्तकाऐवजी एका सेमिस्टरपुरता पासवर्ड येतो. तो विकता येत नाही, धाकट्या भावाला देता येत नाही.

धाकट्यावरून आठवलं, त्याच्या गेमचं उदाहरण इथे फार लागू पडतं. स्टीम या गेमच्या दुकानात तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाचे भाव फार कमी होते, कारण तिथल्या लोकांची ऐपतच तेवढी. जगभरचे लोक आपण तिथेच राहतो असं दाखवून तिथून खरेदी करत. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने दोन्ही देशांत स्थानिक चलन बंद करून डॉलरमध्ये भाव लावले. कंपनीने कारण दिलं ते चलनाच्या चढउताराचं, आणि तो चढउतार होताच. पण अशा फुकट्या पाहुण्यांमुळे स्वस्त भाव टिकवण्यात कुणाला रस उरला नाही, असं मला वाटतं. काही गेमचे भाव तिथे कित्येक पटींनी वाढले. बाहेरून घेणारे दुसरा देश शोधायला गेले. इस्तंबूलमधल्या मुलाला कुठे जाता येत नाही.

धाकट्याला तू काय वेगळं करतेस याचं उत्तरही देऊन टाक. तू ३ पुस्तकं पाठवताना कुणाशी खोटं बोलली नव्हतीस. तो राहण्याचं ठिकाण खोटं सांगून भाव पाडून घेतो. शिवाय गेम तो विकत घेत नाही, वापरण्याचा परवाना घेतो, आणि त्या परवान्यातच लिहिलेलं असतं की ठिकाण लपवायचं नाही. खात्यावर बंधन आलं तर आधी घेतलेले गेमही अडकतील. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये स्टीमच्या कंपनीला आणि ५ गेम प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला होता, तो युरोपातल्या एका देशात घेतलेला गेम दुसऱ्या देशात चालू न देण्याबद्दल. पण तिथे बाजारच एक मानलेला आहे. धाकट्याला त्याचा आधार घेता येणार नाही.

आता स्टिकर. पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे.

दादाला निकालावर एवढा विश्वास आहे, तर ती ओळ झाकायची कशाला? किर्तसाएंगच्या निकालाप्रमाणे अमेरिकेत ती ओळ आड येत नाही. झाकायची ती घेणाऱ्यासाठी. पलीकडच्या मुलाला वाटावं की ही तिथलीच आवृत्ती आहे, म्हणून तो थोडे जास्त मोजेल. आणि मग प्राध्यापकांनी सहाव्या प्रकरणातलं १४ वं गणित सोडवून आणायला सांगितलं की याच्या पुस्तकात १४ वं गणित भलतंच निघेल. तिथल्या आवृत्तीबरोबर ऑनलाइन गृहपाठाचा कोड येतो, तो इथल्या प्रतीत बऱ्याचदा नसतो. फसला कोण? तूच ज्याला स्वस्तात पुस्तक द्यायला निघाली होतीस तो.

असा माल विकायला परवानगी मिळते तेव्हाही आधी उघडपणा मागितला जातो. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर परदेशातून आणलेल्या अस्सल सॅमसंग प्रिंटरचं प्रकरण आलं होतं. तो ट्रेडमार्कचा वाद, कॉपीराइटचा नव्हे. न्यायालयाने विक्रीला मोकळीक दिली, पण हा माल आयात केलेला आहे आणि याला सॅमसंगची वॉरंटी नाही, हे दुकानात ठळकपणे लावायला सांगितलं. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. दादाने तिथे स्वतःची वापरलेली ३ पुस्तकं विकायला काढली, तर ‘भारतीय आवृत्ती, कोड नाही, गणितांचे क्रमांक वेगळे असू शकतात’ एवढं लिहून खुशाल विकावीत. स्टिकरचा रोल मात्र तुझ्या दुकानात नको.

तुझ्या डिस्ट्रिब्युटरबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस, पण पप्पांच्या मनात पहिला विचार तोच आला असणार. त्याने तुम्हाला कमिशन आणि उधारी दिलीय ती कोल्हापूरच्या गिऱ्हाइकासाठी. एखाद्या पुस्तकाच्या मोजक्या प्रती तो एका गावाला देतो. त्यातल्या ४० तू बाहेर काढल्यास तर सप्टेंबरात इथला मुलगा ‘संपली’ ऐकून परत जाईल. आणि डिस्ट्रिब्युटरच्या कानावर गेलं की पुढच्या सीझनला उधारी नाही. शिवाय व्यवसाय म्हणून माल परदेशी पाठवायचा तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो, कागद करावे लागतात. दर सेमिस्टरला खोक्यावर ‘गिफ्ट’ लिहून पाठवणं म्हणजे आणखी एक खोटं. एका खोट्याच्या सोयीसाठी दुसरं, असं ते वाढत जातं.

आत्याचं मला समजतं. हे सगळं प्रकरण तुला जड जातंय ते पुस्तकांमुळे कमी आणि तिच्यामुळे जास्त. ऑपरेशनच्या वेळी उभं राहिलेलं माणूस आपण विसरत नाही आणि विसरूही नये. पण आत्याने मदत केली ती भावाला, पुतणीने दुकान पणाला लावावं म्हणून नव्हे. दादाने मागितलंय ते त्याने मागितलंय. तिच्या नावावर ते घालू नकोस, आणि पप्पांना मध्ये घालू नकोस. दादाला तू स्वतः लिही, कुणी वडीलधाऱ्याने निरोप देण्याआधी. साधं लिही: ‘दादा, तुला स्वतःला लागतील ती पुस्तकं मी दर वर्षी पाठवीन, त्याचे पैसे घेणार नाही. विकायला मात्र पाठवणार नाही. तिकडचा निकाल तुझ्या बाजूचा आहे, इकडचा माझ्या बाजूचा नाही. आणि इथली पुस्तकं इथल्या पोरांना पुरायला हवीत.’ यात त्याला रागवण्यासारखं काही नाही. रागावलाच तर राग चार दिवसांत उतरतो. नंतर आत्याला फोन कर. हा विषय काढू नकोस, नुसती चौकशी कर.

दादाच्या मित्रांना खरंच अडचण असेल तर त्यांच्यासाठी दुसरे मार्ग आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बहुतेक नेमलेल्या पुस्तकांची एखादी प्रत वाचायला ठेवलेली असते, आणि नसेल ते दुसऱ्या विद्यापीठाकडून मागवून देतात. मागची आवृत्ती निम्म्याहून कमी भावात मिळते आणि मजकुरात फारसा फरक नसतो; गणितांचे क्रमांक तेवढे मित्राकडून जुळवून घ्यायचे. आणि पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी तर उत्तम सोय आहे. टेक्सासमधल्याच राइस विद्यापीठाने २०१२ मध्ये ओपनस्टॅक्स सुरू केलं. कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्राची चांगली पाठ्यपुस्तकं तिथे फुकट आणि राजरोस उतरवून घेता येतात. हे तुझ्या काउंटरवर येणाऱ्या मुलांनाही सांग. एखादी विक्री जाईल, पण तो मुलगा पुढची ४ वर्षं तुझ्याच दुकानात येईल.

आणि परदेशी पुस्तकं पाठवण्याची कल्पनाच तुला आवडली असेल, तर ती सोडू नकोस, पुस्तकं बदल. अमेरिकेत गावोगावी महाराष्ट्र मंडळं आहेत, त्यांच्या मराठी शाळा आहेत, आणि लहान मुलांसाठी चांगली मराठी पुस्तकं मिळवताना तिथल्या आया थकून जातात. मराठी पुस्तकांवर तुला सहसा देशांची यादी छापलेली दिसणार नाही. तरी प्रकाशकाला एक पत्र टाकून परदेशी विक्रीला लेखी होकार घे, आयात-निर्यात कोड काढ, आणि त्यात दादाला तिथला भागीदार कर. त्याला नफ्यातला निम्मा वाटा हवा होता, तो इथे उजळ माथ्याने मिळेल. नफा सुरुवातीला बेताचाच असेल, कारण पोस्टाचा खर्च पुस्तकाइतका येतो. त्यासाठी एकेक प्रत न पाठवता शाळेची एकत्र ऑर्डर घ्यायची.

मागवलेल्या १२ प्रतींचं आजच बघ. डिस्ट्रिब्युटरची परतीची मुदत उलटली नसेल तर बिल जोडून परत कर. उलटली असेल तर कसबा बावडा आणि गोकुळ शिरगावच्या कॉलेजांत ते विषय कोणत्या सेमिस्टरला आहेत ते विचारून घे, आणि १० टक्के सूट लावून दर्शनी फळीवर मांड.

– तुझी ताई